टाकीचे झाकण

दिवाळी अंकातल्या सदरासाठी विषय कळवा, असे संपादकांचे फर्मान दरवर्षी पावसाळ्यातच सुटते. यंदा मी विषय कळवला, "संडासाच्या टाकीची सफाई." दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला.

"सर, अहो दिवाळी अंक आहे. लोक फराळ करता करता वाचतात."

"म्हणूनच तर!" मी म्हणालो. "चकली-कडबोळ्यांवर पुष्कळजण लिहितील. फराळाच्या पुढच्या प्रवासाची चौकशी कोणीतरी करायला नको का?"

संपादक सुशील गृहस्थ आहेत. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "लिहा. पण बेताने."

तेव्हा बेतानेच लिहितो.

आमच्या मराठी साहित्यात ओसरी आहे, माजघर आहे, स्वयंपाकघर तर आहेच आहे. तुळशीवृंदावनाला तर कादंबरीकारांनी पाणी घालून घालून थकवले आहे. पण घरातली जी खोली राजापासून रंकापर्यंत कोणालाच चुकत नाही, तिला आम्ही धड नावही दिलेले नाही. आमचे आजोबा 'परसाकडे' जात, पणजोबा 'बहिर्दिशेला' जात आणि आम्ही नुसतेच 'जरा जाऊन येतो.' कुठे, ते सांगत नाही. गंमत अशी की 'शौच' या शब्दाचा मूळ अर्थ शुद्धी. शुद्धीचे नाव ज्या जागेला दिले, तीच जागा आम्ही घरात सर्वांत अशुद्ध मानली आणि ती शुद्ध ठेवणाऱ्या माणसाला तर त्याहूनही! हा अर्थविपर्यास मी वर्गात गेली वीस वर्षे मोठ्या रंगात येऊन सांगत आलो आहे. विद्यार्थी टिपून घेतात. परीक्षेत लिहितात. त्यांना गुण मिळतात. माझे स्वतःचे गुण मात्र गेल्या दिवाळीपर्यंत कोणी तपासले नव्हते.

झाले ते असे. नवरात्र सरले आणि आमच्या घरात दिवाळीच्या सफाईचे वारे वाहू लागले. सौभाग्यवतीने कामांची यादी करून फ्रिजच्या दारावर डकवली. माळा, पंखे, पडदे, पुस्तकांची कपाटे, सर्व काही वाटून झाले. फक्त संडासापुढे कोणाचेच नाव नव्हते. कारण ते काम 'आपले' नव्हतेच. ते रविवारी येणाऱ्या एका गृहस्थाचे होते. गेली अकरा वर्षे ते आमच्या इमारतीतले संडास धूत आले आहेत. पंचावन्नच्या पुढचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी वडील. आणि अकरा वर्षे मी त्यांना 'अरे-तुरे' करीत आलो होतो. आदरार्थी बहुवचनावर माझे एक व्याख्यान आहे, हे इथे नमूद करून ठेवतो.

त्या सुमारास आमच्या संडासाला दोन आजार जडले होते. एक म्हणजे भांड्याच्या आतून वरपासून खालपर्यंत चहा सांडून वाळावा तसा तपकिरी पट्टा उमटला होता. दुसरा म्हणजे रात्री सगळीकडे निजानीज झाली की टाकीतून 'सूंऽऽ' असा बारीक सूर निघे. आईला वाटे कुकरची शिट्टी खराब झाली, सौ.ला वाटे शेजाऱ्यांचा नळ उघडा राहिला. मला काहीच वाटत नसे, कारण मी झोपलेला असे.

दिवाळीपूर्वीच्या रविवारी मी ठरवले, की एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. कोपऱ्यावरच्या दुकानातून ॲसिडची बाटली आणली. पाण्याच्या टाकीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर घरात होतीच. दोन्ही वस्तू त्या गृहस्थाच्या हाती दिल्या आणि सेनापतीच्या थाटात म्हणालो, "दोन्ही टाक. लख्ख होऊ दे."

"साहेब, दोन्ही?" ते जरा घुटमळले.

"हो, हो, दोन्ही!"

पुढच्या पाच मिनिटांत काय झाले, ते आठवले की आजही घशाशी काहीतरी येते. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. मग दार उघडून ते भिंतीला धरधरत बाहेर आले. डोळे लाल, श्वास लागलेला. घरभर उग्र वास पसरला. आमची कन्या तेव्हा दहावीत होती. ती अभ्यास टाकून धावत आली आणि तिने धडाधड खिडक्या उघडल्या. "सगळे बाहेर व्हा! बाबा, ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र? क्लोरीन झाला ना आत!"

आम्ही त्यांना जिन्यावर मोकळ्या हवेत बसवले. आणि मग जे पाहिले, ते लिहिण्यासाठीच खरे म्हणजे हा लेख आहे. आमच्या घरी त्यांच्यासाठी एक निराळा स्टीलचा पेला होता. बाल्कनीच्या कठड्यावर, कुंडीमागे. तो तिथे कोणी ठेवला, केव्हा ठेवला, कोणी विचारले नव्हते. आईने ठेवला आणि आम्ही राहू दिला. त्या दिवशी आई आतून लगबगीने पाणी घेऊन आली, ते स्वतःच्या तांब्याच्या फुलपात्रातून. ज्यातून ती सकाळी पहिले पाणी पिते, ज्याला नातवंडांनाही हात लावू देत नाही, त्याच फुलपात्रातून. त्यांनी हात मागे घेतला. आई म्हणाली, "पी बाबा, आधी पी. घसा ओला कर."

त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी त्यांना तपासले आणि मला झाडले. "पंधरा दिवस यांनी असल्या रसायनांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, आणि तुम्ही पुन्हा या दोन वस्तू एका खोलीतसुद्धा ठेवायच्या नाहीत!" खोकला आठवड्याभरात निवळला. औषधाचे पैसे मी दिले; ते देताना आपण उदार आहोत असे वाटू लागले, तोच डॉक्टरांचा चेहरा आठवला आणि ते वाटणे थांबले.

घरी आलो. तपकिरी पट्टा जागच्या जागी होता. टाकी 'सूंऽऽ' करीत होती. दिवाळी आठ दिवसांवर. यादीपुढे आम्ही चौघे उभे राहिलो आणि कोणी काही बोलेना. शेवटी मीच पेन घेऊन त्या रिकाम्या जागी माझे नाव लिहिले.

"अहो, तुम्ही?" सौ. म्हणाली.

"अरे, तू?" आई म्हणाली.

एकाच प्रश्नाचे हे दोन सूर होते. पहिल्यात शंका होती. दुसऱ्यात काय होते, ते मला लगेच कळले नाही.

माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. गॅलरीच्या टोकाला सार्वजनिक संडासांची रांग. डोक्यावर उंच लोखंडी टाकी, तिला साखळी. आमच्या वेळी साखळीचा निम्मा भाग तुटलेला आणि पुढे सुतळी बांधलेली. ती ओढली की वर ढग गडगडल्यासारखा आवाज होई आणि पाणी येईच असे नाही. म्हणून प्रत्येकाच्या हाती टमरेल. इमारतींच्या मधल्या अरुंद घरगल्लीत मागच्या बाजूने झाडणारी माणसे येत. आम्ही मुले गॅलरीतून वाकून पाहायला गेलो की मोठी माणसे ओरडत, "तिकडे बघू नका!" मोठ्यांच्या मते घाण आमच्या डोळ्यांना लागली असती. आता वाटते, की तिकडे बघू नका हेच आम्ही जन्मभर पाळत आलो.

तसे बघणारे लोक महाराष्ट्रात होऊन गेले नाहीत असे नाही. गाडगेबाबांचा खराटा तर सर्वांना ठाऊक आहे. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण मात्र आता फारशी निघत नाही. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. कैद्याने सरकारकडे मागायचे ते काय? त्यांनी मागितले भंगीकाम. उच्चवर्णीय कैद्याला ते देता येत नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्यांनी उपोषणाचा मार्ग धरला, आणि तिकडे येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभला. एका सुशिक्षित माणसाने संडास धुण्याच्या हक्कासाठी पोटाला चिमटा घ्यावा, हे वर्गात सांगताना माझा आवाज दाटून येतो. त्या दिवशी हातात घासणी घेऊन दाराशी उभा राहिलो, तेव्हा आवाज नुसताच गेला होता.

असो. आता कामाचे सांगतो. कारण ज्यांच्या घरी हाच पट्टा आणि हाच सूर असेल, ते एव्हाना अधीर झाले असतील.

पहिला धडा कन्येने दिला. ती म्हणाली, "बाबा, घाण भांड्यात दिसते, पण तिचं माहेर टाकीत आहे." झाकण उघडून पाहिले, तो खरेच. बाहेरून पांढरीशुभ्र टाकी, आत चार रंगांचे नकाशे. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचे पाणी येते. ते जड असते, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. ते भिंतींवर आणि वॉशरवर पांढरट-पिवळट खडबडीत थर धरतात. पाण्यातल्या लोखंडाचा तपकिरी गंज बसतो. आणि ओल्या अंधारात सूक्ष्म जीव बुळबुळीत काळसर किंवा गुलाबी साय धरतात. रोग तीन, म्हणून औषधही एक नव्हे.

चुन्याच्या थराला आम्ल लागते, पण दुकानातले तेजाब नव्हे. कडाप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा रस सांडला की पांढरा डाग पडतो, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. तो दगडही चुन्याच्याच जातीचा. लिंबू त्याला खाते. ओट्यावर जो अपराध, तोच टाकीत उपकार! व्हिनेगर हेच काम करते आणि लिंबूसत्त्वही. लिंबूसत्त्व गंजावर विशेष गुणकारी. आमच्या घरी ते चिवड्यासाठी आणलेले होते. त्यातले चार चमचे गेले, म्हणून सौ.ने दुसरी पुडी आणवली आणि पहिलीवर मोठ्या अक्षरांत 'संडास' असे लिहून ठेवले. आईने चिंच आणि आमसुले सुचवली, कारण देवाची भांडी ती त्यांनीच घासते. त्यांतही आम्लच, पण चिंचेचा चोथा टाकीच्या झडपेत अडकून बसेल, म्हणून ती सूचना सविनय नाकारली.

कृती अशी. टाकीत कोणी सुगंधी किंवा क्लोरीनची वडी टाकून ठेवली असेल तर ती प्रथम काढावी आणि तीन-चार वेळा पाणी सोडून टाकी व भांडे दोन्ही धुऊन घ्यावीत. ब्लीचिंगचा अंशही उरता कामा नये. व्हिनेगर आणि लिंबू हीसुद्धा आम्लेच आहेत, आणि आमच्या जिन्यावरचा प्रसंग तुमच्या जिन्यावर घडू नये. त्या वड्या टाकीतले रबर कुजवतात, तेव्हा त्या पुन्हा न टाकलेल्याच बऱ्या. खिडकी उघडी ठेवावी, हातांत रबरी मोजे घालावेत.

मग टाकीखालचा लहान नळ बंद करावा. प्लंबर त्याला अँगल कॉक म्हणतात. पाणी सोडून टाकी रिकामी करावी. झाकण दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर जाड घडीच्या टॉवेलावर ठेवावे. चिनी मातीचे झाकण निसटले तर नवे जोडीचे मिळवताना वर्ष जाते. ज्या टाकीला वर बटण असते, तिचे बटण आधी फिरवून सोडवावे लागते. झाकण ओढू नये.

तळाशी थोडे पाणी उरतेच. त्यात अर्धा ते एक लिटर साधे पांढरे व्हिनेगर ओतावे. किंवा चार मोठे चमचे लिंबूसत्त्व लिटरभर कोमट पाण्यात विरघळवून ओतावे. उकळते पाणी नको, टाकीला तडा जाईल. वरच्या भिंतींना तेच पाणी फडक्याने लावावे आणि जिथे थर जाड आहे, तिथे भिजलेले फडके चिकटवून ठेवावे. बारीक बुडबुडे फुटू लागले की समजावे, चुना शरण येत आहे. अर्धा-पाऊण तास वाट पाहावी. रात्रभर ठेवण्याचा उत्साह दाखवू नये, आतल्या रबराला तो मानवत नाही. हे पाणी कडाप्प्याच्या किंवा संगमरवरी फरशीवर सांडू देऊ नये, हे आता सांगायला नकोच.

जुन्या दातघासणीने कोपरे घासावेत. पाणी सुरू करून दोनदा सोडावे. त्यानंतर बुळबुळीत सायीसाठी खाण्याचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन भिंती पुसाव्यात. इथे एक चूक सर्रास होते. लोक व्हिनेगर आणि सोडा एकदमच ओततात. फेस असा उसळतो की पाहणाऱ्याला वाटावे, आता टाकी काय, घराणेही उजळणार! पण कन्या म्हणाली, "बाबा, ते दोघं एकमेकांनाच संपवतात, मग उरतं नुसतं खारट पाणी." आम्ल आपल्या जागी, सोडा आपल्या जागी, मध्ये पाणी. संसारातही काही माणसांना असेच वेगवेगळ्या वेळी भेटवावे लागते.

आता त्या 'सूंऽऽ'विषयी. टाकीतून भांड्यात पाणी झिरपते का, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. टाकीत खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाकावेत आणि अर्धा तास कोणी पाणी सोडू नये. आम्ही साखरभातासाठी आणलेला केशरी रंग टाकला. अर्ध्या तासाने भांड्यात केशरी ओघळ! सगळे कुटुंब संडासाच्या दारात वाकून उभे राहिले आणि इतक्या एकमताने आम्ही एखादी गोष्ट पाहिल्याचे मला आठवत नाही. झडपेच्या रबरी वॉशरवर चुन्याची कपची बसली होती. त्यामुळे ते नीट टेकत नव्हते आणि दिवसाकाठी कित्येक बादल्या पाणी गुपचूप जात होते. त्याच धारेने तो तपकिरी पट्टाही पाडला होता. वॉशर काढून व्हिनेगरमध्ये बुडवले, पुसले, पुन्हा बसवले. सूर थांबला. पट्टा मात्र पहिल्या दिवशी निम्माच गेला. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेले फडके तीन दिवस रोज अर्धा तास लावल्यावर उरलेला गेला. तेजाब पाच मिनिटांत करते, त्याला लिंबाला तीन दिवस लागतात. पण लिंबू कोणाला जिन्यावर बसवीत नाही.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे नव्या केरसुणीची पूजा होते. तुमच्याकडेही होत असेल. आईने तिला हळदकुंकू वाहिले. मग थोडा वेळ हात जोडून बसली आणि उठताना म्हणाली, "तो पेला काढून टाक रे, कुंडीमागचा." एवढेच. टोपलीने मैला वाहण्याला १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायद्याने मनाई झाली. पण घरोघरच्या कुंड्यांमागे काय आहे, हे पाहायला कायदा येत नाही. तिथे घरातल्याच कोणाला तरी हात घालावा लागतो. माझ्या घरी तो हात माझा असायला हवा होता. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचा निघाला.

पाडव्याला ते गृहस्थ दिवाळीची पोस्त घ्यायला आले. मी म्हणालो, "या, बसा." त्यांनी मागे वळून पाहिले, आपल्यामागे आणखी कोणी आले आहे की काय, असे त्यांना वाटले असावे. आईने सर्वांच्या ताटल्यांबरोबर त्यांचीही ताटली मांडली. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले. पूर्ण टेकले नाहीत. अकरा वर्षांचे अंतर एका चकलीने भरून येईल, असे मानण्याइतका मी भाबडा नाही. पण फराळ संपवून ते मोकळेपणाने म्हणाले, "बघू तरी, सरांनी काय केलंय!"

त्यांनी झाकण उचलले. आत वाकून बराच वेळ पाहिले. भिंतीवरून बोट फिरवले. मी विद्यार्थ्यासारखा मागे उभा होतो.

"साफ बरं झालंय," ते म्हणाले. मग हात आत घातला, काहीतरी काढले, फिरवले, पुन्हा बसवले. "पण वायसर उलटा घातला होता, सर. आणखी महिन्याभरात परत शिटी वाजली असती."

तेव्हापासून दर चार महिन्यांनी टाकीचे झाकण मीच उघडतो. ते रविवारी येतात, तेव्हा तपासतात. यंदाच्या यादीत संडासापुढे माझे नाव सौ.ने न विचारताच लिहिले आहे. वॉशर सुलटे बसते की नाही, ते पाडव्याला कळेल.